घासाचा कोपरा

३ मे, मखमलाबाद, सकाळी

चैतूचे पप्पा,

दोन रात्री झोपले नाय. चैतू बरी हाय, तिला काय झालं नाय, हे आधी लिहिते. मी झोपले नाय ते तुमच्या गोळ्यांमुळं.

परवा चैतूला डोस द्यायला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं त्या डॉक्टर मॅडम होत्या, तुम्हाला तपासतात त्या. त्यांनी मला ओळखलं. म्हणल्या, नवनाथ कुठाय, गोळ्या न्यायला आला नाही. मी म्हणलं, कामाला गेलेत बाहेरगावी, डोंगरात. म्हणल्या, गोळ्या घेतोय ना? मी म्हणलं हो. तर त्या म्हणल्या, घेऊ दे. आपल्या मनानं एकदम बंद केल्या तर आधीपेक्षा मोठी फीट येते. एकामागं एक येतात, थांबत नाहीत. माणूस जातो त्यात.

चालता चालता बोलून गेल्या, पुढच्या पेशंटकडं. चैतू सुईनं रडत होती म्हणून मी पण रडले तर कुणाला कळलं नाय.

आता खरं लिहिते. तुम्हाला वाटतं गोळ्या घरी फळीवर राहिल्या. नाय राहिल्या. तुमच्या गोधडीत हायत.

तुम्ही म्हणलात, नेणार नाय, बॅग तपासतात, सापडल्या तर खालूनच परत धाडतील. म्हणलात, खाल्ल्या की झोप येते, पळी जड होते हातात. पाच महिने काय झालं नाय म्हणजे गेलं ते. मी तेव्हा बोलले नाय, बोलले असते तर आणखी भांडण झालं असतं. तुम्ही दाढी करायला गेलात तेव्हा मी गोधडी घेतली. तुमच्या आईनंच शिकवलंय मला, गोधडी उपाशी ठेवू नाय, शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा घास ठेवून मग टाका घालायचा. तोच कोपरा उसवला. सहा पाकिटं चपटी करून लावली, वरून निळं ठिगळ मारलं. स्टेशनवर सांगणार होते. पण ट्रेकवाले धनराज सर तिथंच उभे, बॅगा मोजत. आणि तुम्ही माझ्याकडं बघितलं पण नाय. गाडी हलली तेव्हा चैतूकडं हात केला, माझ्याकडं नाय.

मला ठाऊक हाय तुम्ही का गेलात. ओझरच्या लग्नात पुऱ्यांच्या कढईजवळ तुम्हाला फीट आली, तेव्हापासून नाशकात कुणी आचारी तुम्हाला भट्टीजवळ उभं करत नाय. कांदे कापायला बसवतात. तिकडं डोंगरात कुणाला ठाऊक नाय, तिकडं कॅम्पचा स्वयंपाक तुमच्या एकट्याच्या हातात. फॉर्म भरला त्या दिवशी तुम्ही किती हसत होतात. त्या फॉर्मवर छापलं होतं, चक्कर, फीट, दमा, पुढं हो का नाही. तुम्ही म्हणलात नाही लिही. मी लिहिलं. ते अक्षर माझं हाय. लग्नात तुमच्या आईनं लपवलं म्हणून मी दोन वर्षं त्यांना बोलते. आता मी काय केलं.

पाया पडते, पत्र वाचलं की कोपरा उसवा. सकाळी एक, रात्री एक. आणि तिथल्या एका तरी माणसाला सांगून ठेवा. एकालाच.

साधना

त्याच दिवशी, दुपारी

हे पत्र दिलं नाय. परत आणलं.

शेजारच्या गोजराबाईकडं चैतूला ठेवून ट्रेकवाल्यांच्या ऑफिसला गेले होते. पाकीट भाताच्या शितानं चिकटवलं होतं. तिथल्या मंजुषा मॅडम चांगल्या हायत, चहा दिला. म्हणल्या, "आज संध्याकाळची बॅच निघतीये, पाठवू की. पण पाकीट नको गं, उघडा कागद दे. वर कॅम्पात जेवणानंतर सगळ्यांची पत्रं मोठ्यानं वाचायची पद्धत आहे आमच्यात. दमून आलेली माणसं हसतात. मागच्या साली एका आचाऱ्याच्या बायकोनं लिहिलं, कुकर बिघडला, या. आठवडाभर सगळे त्याला कुकर म्हणत होते!"

मी पण हसले. मग म्हणलं, मॅडम, घरून उघडा कागद लिहून आणते. हातातलं पाकीट पदराखाली घेतलं.

बेस कॅम्पपर्यंतच फोन लागतो, वर रेंज नाय असं म्हणल्या. पण तिथून तुमच्या तिसऱ्या कॅम्पला तीन दिवस चालायचं, आणि निरोप नेणार त्यांचाच माणूस. सांगून काय उपयोग. तेवढ्यात सगळ्यांना कळेल.

हे पत्र पिठाच्या डब्याखाली ठेवते. दुसरं लिहिते.

३ मे

चैतूचे पप्पा यांस,

तिथं हे वाचणारे दादा नायतर ताई, तुम्हाला नमस्कार. आमचे हे वाचतात पण हळू वाचतात, म्हणून तुम्ही वाचा.

इकडं सगळं ठीक. चैतू आता पंखा दाखवला की पंका म्हणते. झेंडूला भाव नाय म्हणून मळ्यात तोडणी थांबलीय, मी गुलाबाला जाते. काट्यानं बोट सुजलंय म्हणून अक्षर वाकडं हाय.

तिकडं थंडी लय असंल. गोधडी पांघरता का. तिला घासाचा कोपरा हाय तिथं मी निळं ठिगळ मारलंय. तो कोपरा नीट शिवला गेला नाय असं मला वाटतंय. तुम्ही स्वतः उसवून बघा. दुसऱ्याला देऊ नका, तुम्हीच उसवा, दिवसाउजेडी. मला त्याचीच काळजी लागलीय. बाकी कशाची नाय.

दवाखान्यातल्या मॅडमनी तुमची आठवण काढली. म्हणल्या, नवनाथला सांग, रोजचं रोज कर. तुम्हाला कळलं असंल.

कोपरा उसवला का तेवढं लिहून पाठवा.

साधना

१७ मे

चैतूचे पप्पा यांस,

तुमचं पत्र काल आलं. वरून उतरलेल्या बॅचमधल्या राकेश नावाच्या दादांनी ऑफिसला आणून दिलं. मी तिथंच उभ्यानं वाचलं.

प्रिय साधना असं लिहिलंय ते तुमचं नाय, लिहिणाऱ्याचं हाय. पण पुढचं तुमचंच. गावातली घरं सगळी लाकडाची, खाली गुरं, वर माणसं, हे वाचलं. झाडं एवढी उंच की वर बघताना टोपी पडते. सगळे दमून येतात आणि पिठलं बघून टाळ्या वाजवतात. खालच्या गावातली म्हातारी तुम्हाला लाल फुलांचा रस देते आणि तुम्ही तिला ठेचा दिला तर ती पळाली. हे मी गोजराबाईला वाचून दाखवलं. त्या म्हणल्या, "सुखात हाय गं तुझा, तू उगा वाळायलीस." मी म्हणलं हो.

पण कोपऱ्याचं तुम्ही काय लिहिलंत. लिहिलंत, "तुझा घास मला पोचला, इथं चाळीस माणसांना रांधतो, मला भाकरीच्या तुकड्याची काय ददात? सगळे लय हसले." मी त्या घासाचं म्हणत नव्हते हो. तो घास नाय.

आणि गोधडी तुम्ही देऊन टाकली. एक ताई थंडीनं कुडकुडत होत्या, त्यांना दिली, त्या पांघरून पुढच्या कॅम्पला गेल्या. म्हणलात, खेचरवाला परत आणील, नाय तर इथं सरकारी ब्लँकेट हाय. तुमचं मन मोठं हाय ते मला ठाऊक हाय. पण ती गोधडी परत मागा. लाजू नका. बायकोनं मागितली म्हणून सांगा, माझ्यावर हसू द्या. खेचरवाल्या बाबांना माझा नमस्कार सांगा, म्हणावं निळ्या ठिगळाची गोधडी, आधी ती घेऊन या, बाकी सामान राहू द्या.

ती आली की कोपऱ्यात हात घाला. घास नाय, दुसरं हाय. फळीवरचं. तुम्ही फळीवर ठेवून गेलात ते.

आता तरी कळलं का. एवढंच लिहिता येतंय मला. तंबूत वाचणाऱ्यांनी माफ करा, आमच्या घरातली गोष्ट हाय.

चुलीजवळ एकटं उभं राहू नका. ओढ्यावर पाण्याला एकटं जाऊ नका. तुमच्या आईचा पण निरोप, त्या हरसूलच्या बाजाराला आल्या होत्या, तिथून कुणाच्या फोनवरून गोजराबाईला फोन केला होता. त्यांनी पण पहिलं तेच विचारलं, घेतोय ना. मी म्हणलं हो. सगळ्यांना हो म्हणतेय.

चैतू फोन दिसला की पप्पा म्हणते. कुणाचा पण फोन.

साधना

३० मे, दुपारी, ऑफिसच्या बाकावर बसून

जो कुणी हे वाचेल त्याला,

हे पत्र नवनाथसाठी नाय. त्याला वाचून दाखवलं तरी चालेल. सगळ्यांसमोर वाचा. हसायचं असेल तर आधी हसून घ्या, मग नीट वाचा.

मी साधना, तिसऱ्या कॅम्पचा आचारी नवनाथ, त्याची बायको. त्याला फीट येते. लहानपणापासून येते. रोज दोन गोळ्या लागतात, आणि तो एप्रिल महिन्याच्या चोवीस तारखेपासून एक पण गोळी न खाता तिथं हाय. फॉर्मवर नाही लिहिलंय ते खोटं हाय. ते मी लिहिलं. त्याला काढून टाकायचं असेल तर काढा, पण खाली आणून मग काढा.

काल त्याचं दुसरं पत्र आलं. त्यानं सांगितलं ते सगळं चांगलंच हाय, पाऊस लय हाय, पिठलं, भात, एका सरांचा वाढदिवस होता तर रव्याचा केक केला. गोधडी अजून आली नाय. खेचरवाला दुसऱ्या वाटेला गेलाय. मी फळीवरचं म्हणलं त्यावर लिहिलंय, कळलं, पण मला गरज नाय आता. असं लिहिलंय. म्हणजे त्याला कळलं आणि तरी.

पण पत्राच्या खाली लिहिणाऱ्या ताईंनी त्यांच्या मनानं एक ओळ लिहिलीय. पल्लवी नाव हाय त्यांचं. "वहिनी, काळजी करू नका, पण काल वाढताना दादा मध्येच थांबले, डोळे उघडे होते पण हाक ऐकू जात नव्हती, हातातली पळी पडली. मिनिटभरात ठीक झाले, त्यांना आठवत पण नव्हतं. उंचीमुळे होतं असं सर म्हणाले."

उंचीमुळे नाय होत ते ताई. मला ठाऊक हाय ते. आधी पळी पडते. मग त्याच दिवशी नायतर दोन चार दिवसांनी तो पडतो. ओझरच्या लग्नात पण आधी तसंच झालं होतं, सकाळी हातातला झारा पडला आणि दुपारी कढईजवळ. तेवीस तारखेला त्यांनी ती ओळ लिहिलीय. आज तीस. मला मोजता येतं.

म्हणून मी आज सकाळी चैतूला काखेत घेऊन इथं आले आणि मंजुषा मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी कपाटातून फॉर्म काढला.

"हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"अगं, तो मोठ्या चुलीवर काम करतो. चाळीस माणसांचं पाणी उकळतो तो. मला एवढं तरी सांगायचंस. त्या दिवशी चहा प्यायलीस तू इथं."

मी म्हणलं, हो प्यायले.

त्यांनी बेस कॅम्पला फोन लावला. लागला नाय. परत लावला. तिकडं तीन दिवस पाऊस हाय, टॉवर बंद असावा म्हणल्या. धनराज सर स्वतः वर गेलेत बॅच घेऊन, त्यांचा पण लागत नाय. सकाळपासून लावतायत, आता माझ्यासमोर पण लावतायत, मधून मधून माझ्याकडं बघतात आणि मान हलवतात. मॅडमनी त्यांच्या माणसांना मेसेज पण टाकलाय, तो पोचला का ते दिसत नाय. चैतू त्यांच्या टेबलावरचे कागद ओढतेय आणि त्या तिला काय बोलत नाय, त्याचीच मला जास्त भीती वाटतेय.

आजच्यापुरता गोजराबाईचा फोन मागून आणलाय, मग त्यावरून मी माझ्या भावाला फोन केला. गोटीराम त्याचं नाव, ओझरला गॅरेजला हाय. लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात त्याला कळलं की नवनाथला फीट येते आणि आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून तो आमच्या घरी आला नाय. चैतूच्या बारशाला पण नाय. दीड वर्षात पहिला फोन मी आज केला.

मी म्हणलं, दादा, मी साधी बोलतेय.

तो म्हणला, "काय झालं ते बोल."

मी सगळं सांगितलं. तो म्हणला, "आधी त्यांनी लपवलं, तेव्हा तू दारात बसून रडलीस. आता तूच लपवलंस. तुझं अक्षर म्हणे! सातवीपर्यंत मीच शिकवलं ना तुला, दप्तर उचलून नेत होतो मी तुझं."

मी म्हणलं, दादा, तुला बोलायचं ते नंतर बोल.

मागं कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं. मग म्हणला, "तो कुठं हाय त्याचा नीट पत्ता कळू दे. कुठल्या गावात उतरवणार, कुठल्या दवाखान्यात. पत्ता कळला की मी निघतो. तुझ्या नवऱ्यासाठी नाय, तुझ्यासाठी. पण अंदाजानं कुठं फिरू त्या डोंगरात?"

म्हणून आता त्याला पत्ता पाहिजे. मला तिकडचं एक गाव पण ठाऊक नाय. मॅडम म्हणल्या, कुठल्या वाटेनं कुठल्या गावात उतरवतील ते वरचेच ठरवतात. त्याच्या पत्रात फक्त खालचं गाव आणि वरचं गाव असं हाय.

आज संध्याकाळी नाशिक रोडवरून बॅच निघतीये. हेच पत्र मी चार वेळा लिहिलंय, चार ठिकाणी दिलंय. एक कॉलेजचा दादा, एक बँकेतल्या मंगलाबाई, एक नवराबायको आणि एक शाळेतले सर. सगळ्यांनी शपथ घेतली की उघडून बघणार नाय. मी म्हणलं उघडून बघा, रेल्वेतच वाचा, मोठ्यानं वाचा. कुणी आजारी पडलं, कुणी खालूनच परत फिरलं, तरी दुसऱ्याकडं राहील.

तुम्हाला पोचायला पाच दिवस. तोपर्यंत काय झालं असेल ते मला ठाऊक नाय. तो तुमच्यासमोर चहा गाळत असेल आणि हे वाचताना लाल होत असेल, तर होऊ द्या. माझ्यावर चिडेल, नंतर घरी येऊन पण चिडेल, चालेल मला. पण त्याला चुलीजवळून उठवा आधी. त्याला एकट्याला ओढ्यावर धाडू नका. कड्याच्या बाजूनं चालवू नका.

आली तर काय करायचं ते लिहिते, दवाखान्यात मला शिकवलंय. त्याला कुशीवर करा. डोक्याखाली काहीतरी मऊ द्या. आजूबाजूचं भांडं, विस्तव, दगड बाजूला करा. घट्ट धरून ठेवू नका, तोंडात चमचा घालू नका, पाणी पाजू नका. कांदा नायतर चप्पल हुंगवू नका. आमच्याकडं सगळे हुंगवतात, त्यानं काय होत नाय, माणूस गुदमरतो फक्त. घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाय तर खांद्यावर घेऊन उतरा, रात्र असो पाऊस असो, कुणाची वाट बघू नका. थांबली तर जाग आल्यावर तो विचारेल, काय झालं. त्याला लाज वाटेल. त्याला म्हणा काय नाय झालं, बस. आणि मग उतरवा.

गोधडी ज्यांच्याकडं असेल त्यांनी कोपरा उसवावा. निळं ठिगळ, जाड टाका, मी घाईत घातलाय, ओढला की निघेल. आत सहा पाकिटं हायत. लगेच सुरू करू नका, आधी डॉक्टरला विचारा, एवढे दिवस गेलेत. मी आधी लिहिणार होते लगेच द्या, पण दवाखान्यातल्या मॅडमना फोनवर विचारलं, त्या म्हणल्या, तिथल्या डॉक्टरांना ठरवू दे. त्यांना पण खरं सांगितलं. त्या रागावल्या नाय. त्या म्हणल्या, पोचायला पाहिजे होतं गं हे लवकर.

मंजुषा मॅडम परत मान हलवतायत. मी लिहायचं थांबवते नायतर बॅच निघून जाईल.

एक काम करा. तुम्ही कोण हाय, माझ्या नवऱ्याशी तुमचं काय बोलणं हाय, मला ठाऊक नाय. तुमच्या फोनला जिथं पहिल्यांदा रेंज येईल तिथं उभे राहा आणि माझ्या भावाला फोन करा. मला नको, माझ्याकडं फोन नाय, तो नवनाथकडं हाय. गोटीरामला करा. नंबर मागच्या बाजूला मोठ्या आकड्यात लिहिलाय, दोनदा लिहिलाय, पावसात पुसला तर एक तरी राहील. गॅरेजमध्ये आवाज असतो, त्याला पहिल्या वेळेला ऐकू येत नाय, परत लावा. उचलला की गावाचं नाव सांगा. नवनाथ बरा असला तरी सांगा, बरा नसला तरी सांगा, कसा पण असला तरी सांगा. दादाला सवय हाय कडक बोलायची, तो आधी कोण पायजे म्हणून ओरडेल. तुम्ही फोन ठेवू नका. म्हणा, साधीनं सांगितलंय.